उन्हाळ्यात बागकाम मंडळ बंद ठेवायचं का?

परसदार – १२ मार्च

नमस्कार मंडळी. नागपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, काटोल रोडच्या आत आमचं गाव आहे. पाच वर्षांपूर्वी आठ-दहा घरांनी मिळून बागकाम मंडळ सुरू केलं, आता बत्तीस घरं झाली आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला रोपवाटप, दिवाळीआधी बियाण्यांची अदलाबदल, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या परसात सगळ्यांची फेरी आणि जानेवारीत ग्रामपंचायतीच्या आवारात फुलं-भाज्यांचं प्रदर्शन, एवढं नेमाने होतं. शाळेची परसबागही मंडळानेच लावून दिली आहे.

अडचण होळीनंतर येते. रविवारच्या फेरीला मार्चमध्ये बारा जण आले की एप्रिलमध्ये तीन, आणि मे महिन्यात कोणीच नाही. गेल्या वर्षी, मुलांनी आदल्या जुलैत लावलेले गोडलिंब (कढीपत्ता), मुनगा (शेवगा), जाम (पेरू), लिंबू असे सतरा रोपं उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळले. आमच्या विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्याच दिवशी तिसरीतली एक मुलगी काड्यांच्या रांगेत इकडून तिकडे फिरत होती. मला म्हणाली, "बाई, माझं झाड यातलं कोणतं होतं?" मला सांगता आलं नाही, पाट्यासुद्धा उन्हाने कोऱ्या झाल्या होत्या.

आता कार्यकारिणीत ठराव आला आहे की होळी ते मृग मंडळाला सुट्टी द्यावी. माझा विरोध आहे. पण मी एकटीच विरोधात आहे, म्हणून इथे विचारतेय. तुमच्या गावात, कॉलनीत काय करता?

काळीमाती – १२ मार्च

बंद ठेवा ताई. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जाते. माणसाले उष्माघात झाला तर गोडलिंबाचं काय करता? झाड पुन्हा लावता येते.

वाटसरू – १२ मार्च

वाचतेय. आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे.

बहार – १३ मार्च

मी संत्र्याचा माणूस आहे, वावरात साडेचारशे झाडं आहेत, त्यामुळे माझं म्हणणं थोडं वेगळं. झाडाला विश्रांती लागते हे आम्हाला आजोबांपासून माहीत आहे. मृग बहार घ्यायचा असला की उन्हाळ्यात पाणी तोडतो. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. मग मृगाचा पाऊस पडला की फांदी न फांदी पांढऱ्या फुलांनी भरते. सकाळी वावरात शिरलं की वासाने डोकं जड होतं. आंबिया बहारासाठी हाच ताण हिवाळ्यात देतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. ताणच दिला नाही तर वर्षभर चार-चार फुलं येत राहतात, बहार म्हणून धरता येत नाही.

मंडळाचंही तसंच समजा. तीन महिने लोकांना मोकळं सोडा, लग्नसराई असते, पाहुणे असतात. पाऊस आला की लोक आपसूक येतील.

रानवेल – १३ मार्च

बहार भाऊ, तुमच्याच उदाहरणावर बोलते. ताण म्हणजे पाणी विसरून जाणं नव्हे ना जी? माझे सासरे रोज संध्याकाळी बागेत जाऊन पान हातात धरून बघायचे. हलकी जमीन असेल तर तीन-चार आठवड्यांत पुरे होतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. अन् एक आठवडा जास्त झाला तर फांद्या वाळतात, सल पडते. म्हणजे सगळ्यात जास्त लक्ष त्याच दिवसांत द्यावं लागते. मंडळात सुट्टी म्हणतात तेव्हा लक्ष कोण ठेवणार, हे कुठं ठरवलं आहे?

बहार – १३ मार्च

@रानवेल, बरोबर बोललात. ताण देणारा माणूस घरी बसून राहत नाही. माझा मुद्दा अर्धा मागे घेतो.

माठवाली – १४ मार्च

परसदार ताई, शाळेच्या बागेसाठी मडकं पुरा. माझ्याकडे सात उन्हाळे झाले, भोपळा, दोडका आणि गोडलिंब त्यावरच जगतात.

साधं, न रंगवलेलं, पाचेक लिटरचं मातीचं मडकं घ्यायचं. आत पॉलिश किंवा बाहेर ऑइलपेंट असलेलं शोभेचं मडकं चालत नाही, त्यातून पाणी पाझरतच नाही. खड्डा मडक्यापेक्षा चार बोटं मोठा खणा आणि गळ्यापर्यंत पुरा, तोंड तेवढं वर राहू द्या. तोंडावर खापर किंवा पालथी पणती ठेवा, नाहीतर डास अंडी घालतात आणि खारी पाण्यात पडून मरते. बाजूची माती कोरडी झाली की ती मडक्यातलं पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. झाडाला लागेल तेवढंच जातं. मुळं हळूहळू मडक्याला जाळीसारखी लपेटतात. पहिल्या वर्षी मी एक मडकं उकरून पाहिलं होतं, खालच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या मुळांची टोपीच विणलेली होती.

आपल्याकडे एक गोष्ट जपा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि मडक्याच्या अंगापासून सुटते. मग मधे हवा राहते आणि पाझर थांबतो. म्हणून मडक्याभोवती नुसती काळी माती भरू नका, त्यात वाळू आणि शेणखत मिसळून दाबून भरा. वरून सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसा) जाड पसरा. मे महिन्यात मी तिसऱ्या दिवशी भरते, मार्चमध्ये पाच-सहा दिवस चालते.

काळीमाती – १४ मार्च

हे काम वाचून बरं वाटलं. रोज उन्हात जायचं कामच नाही मग. मडकं कितीले पडते?

माठवाली – १४ मार्च

तडकलेला गळा, वाकडं तोंड, असा माल कुंभाराकडे बाजूला पडलेला राहते. तो सांगून घ्या, निम्म्याहून कमीत देतात. बूड धड असलं की झालं.

सदाशिवकर – १५ मार्च

पुण्याहून वाचतोय. फार छान माहिती. एक शंका आहे. मागे एका धाग्यावर नागपूरच्या सदस्याने 'उन्हाळ्यात सांबार कसा टिकवावा' विचारलं होतं आणि मी फ्रिजमध्ये ठेवा असं उत्तर दिलं होतं. नंतर कळलं की तो वाफ्यातल्या सांबाराबद्दल विचारत होता! वाफ्यातला सांबार म्हणजे काय?

रानवेल – १५ मार्च

भाऊ, आमच्याकडे सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. गावाकडच्या म्हाताऱ्या टमाट्याला भेदरं म्हणतात आणि पेरूला जाम. एकदा पोळ्याला या, वडाभातावर सांबार पेरून वाढते. :)

हिरवीजाळी – १५ मार्च

सांबाराचं उत्तर देऊन टाकते, कारण ते इथल्या प्रश्नाशी जुळते. उन्हात तो तीन आठवड्यांत तुऱ्यावर जातो. ५० टक्के सावलीची जाळी लावा. जाळी झाडांपासून निदान दोन हात उंच पाहिजे. पानाला टेकवली तर हवा खेळत नाही आणि जिथं टेकते तिथं पान करपते.

आणखी दोन गोष्टी सांगते, त्यांनी दरवर्षी लोकांची झाडं जातात. दुपारी पाइपमध्ये राहिलेलं पाणी चहासारखं तापते. पहिली बादली नहाणीत जाऊ द्या, हाताला गार लागलं की मगच आळ्यात सोडा. आणि स्लॅबवरच्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून ओढून एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या कुंड्यांना ओली चुंगडी (गोणपाट) गुंडाळा. कुंडीचं अंग तापलं की मुळं शिजतात. वरून कितीही पाणी घाला, पान टवटवीत होत नाही आणि आपण आणखी पाणी घालत राहतो.

परसदार – १६ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याबद्दल सांगायचं राहिलं. गावाला नळ दिवसाआड येतो, शाळेत बोअर आहे पण मे महिन्यात हवा ओढते. त्यामुळे माठवाली ताईंचा उपाय मला फार जवळचा वाटला. रविवारी सभेत मांडते.

प्रदर्शनाचाही वाद आहे. मंडळाच्या जमा पैशातला मोठा भाग जानेवारीच्या प्रदर्शनावर जातो, मंडप, बक्षिसं, चहा-नाश्ता. काही जण म्हणतात की तेच पैसे उन्हाळ्यासाठी ठेवा.

गुलबकावली – १६ मार्च

प्रदर्शन बंद करू नका हो! बाया वर्षभर वाट पाहतात. आमच्या आत्याबाईंना ७१ व्या वर्षी शेवंतीसाठी पहिलं बक्षीस मिळालं, तो स्टीलचा डबा अजून शोकेसमध्ये आहे, त्यात कधी काही भरलं नाही.

टिकाव – १७ मार्च

प्रदर्शनावर माझा जुना राग आहे, बोलतोच. आमच्याकडे दोन वर्षं सलग पहिलं बक्षीस आदल्या दिवशी नर्सरीतून आणलेल्या डेलियाला गेलं. कुंडीवरचं लेबल खरवडलेलं स्पष्ट दिसत होतं. ज्या मावशीने पावसाळ्यापासून फांदी लावून झेंडू अन् शेवंती वाढवली, ती तिसरी आली. मग आम्ही नियम केला. ऑक्टोबरच्या फेरीत दोघांनी घरोघर जाऊन कुंडीला दोरा बांधायचा, गाठीवर लाख लावायची. जानेवारीत दोरा असेल तीच कुंडी स्पर्धेत. स्पर्धक निम्मे झाले, पण भांडण संपलं.

नर्सरीवरून आठवलं. एका ठिकाणाहून मी दहा संत्र्याच्या कलमा आणल्या, नाव घेत नाही. चार वर्षं सांभाळल्या. तीन झाडांना फळ आलं ते जाड सालीचं, खडबडीत, आंबट ढोण. खालचा खुंट जंबेरी लिंबाचा होता, वर बांधलेला संत्र्याचा डोळा कधीच मेला होता आणि खालचा फुटवा झाड म्हणून वाढला होता.

बहार – १७ मार्च

टिकाव भाऊ, याचा इलाज विकत घेतानाच आहे. कलम हातात घेऊन जोड शोधा, खुंट आणि डोळा जिथं बांधला तिथं थोडा फुगवटा किंवा बाक दिसतो. हिरवी फांदी त्या जोडाच्या वरूनच निघाली पाहिजे. मग पान चुरडून वास घ्या. जंबेरीच्या पानाला लिंबासारखा उग्र वास येतो, काटेही मोठे राहतात. लावताना जोड मातीच्या वर वीतभर राहू द्या आणि पहिली तीन वर्षं खालून येणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटाने मोडा. जोड मातीत गाडला की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ठरलेला. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, प्लास्टिकच्या टोपल्यात, लोखंडी भांड्यात नको. शंका असली तर अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, खात्रीची रोपं आणि सल्ला दोन्ही मिळते.

आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अन् आपल्याच नर्सरीत संत्रा म्हणून जंबेरी विकली जाते, हे मनाला लागते.

काळीमाती – १८ मार्च

धागा संत्र्याकडे पळून राहिला. उन्हाळ्यावर या.

भिवापुरी – १८ मार्च

येते. उन्हाळा हा बियाण्याचा मौसम आहे, हे कोणी बोललंच नाही. मंडळाला या दिवसांत बाहेर उन्हात काम करायची गरजच नाही, ओसरीत बसून करायचं काम भरपूर आहे.

आमच्या उमरेड-भिवापूरकडची मिरची घ्या. तिलाही मानांकन आहे, पण आता गावात शुद्ध बियाणं शोधा लागते. मी झाडावर पूर्ण लाल झालेल्या, पहिल्या-दुसऱ्या तोड्याच्या निरोगी मिरच्या बाजूला काढते. सावलीत वाळवते, मग फोडून बी काढते. त्यादिवशी घरातले सगळे शिंकतात. बी राखेत घोळून कागदाच्या पुडीत बांधते आणि पुडीवर झाडाची खूण, तोड्याची तारीख लिहिते. पुड्या मडक्यात, मडकं देवघराच्या खाली, गार जागी. आसपास ढोबळी किंवा दुसरी मिरची फुललेली असली तर परागकण मिसळतात, म्हणून बियाण्याच्या दोन झाडांवर फुलं यायच्या आधीच जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते.

वाल-पोपट, वांगं, अंबाडी, काटवल, दोडका, चवळी, हे सगळं बियाणं मार्च ते मे मध्ये साफ होते. बत्तीस घरांच्या पुड्या एका ठिकाणी आल्या की मृगाला वाटायला तयार.

हिरवीजाळी – १८ मार्च

शिवाय जूनमध्ये निंबोळ्या पडतात. पिवळ्या पडलेल्या वेचायच्या, गर धुवायचा, बी सावलीत वाळवायचं. फवारणीच्या वेळी पाच किलो बी कुटून रात्रभर भिजत घालायचं, गाळायचं आणि शंभर लिटर पाणी करायचं. मावा, तुडतुड्यांना चालते. मुलं खेळता खेळता पोतं भरतात.

चुलीजवळची – १९ मार्च

मी इथे सहसा लिहीत नाही. पण सगळं वाचल्यावर एक विचारायचं आहे. मडकं कोण भरणार? निंबोळ्या कोण धुणार? पुड्या कोण बांधणार?

आमच्या गावात असंच मंडळ होतं. सभेत पुरुष बोलायचे, प्रदर्शनात नाव पुरुषांचं लागायचं आणि एप्रिल-मे मध्ये डोक्यावर गुंड (घागर) घेऊन पाणी आम्ही घालायचो. घरचं पिण्याचं भरून, ढोराचं भरून, मग झाडाचं. मी दोन उन्हाळे केलं. तिसऱ्या वर्षी टोंगळे (गुडघे) सुजले, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. त्यानंतर मंडळच बंद पडलं, कोणी ठराव केला नाही, आपोआपच पडलं. आमच्या गावच्या बाया होळीनंतर येईनाशा झाल्या, त्या आळसाने नव्हे. आधी तुमच्या गावच्या बायांना विचारा.

परसदार – १९ मार्च

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी स्वतः बाई असून हे मला सुचलं नाही. आमच्या कार्यकारिणीत नऊपैकी सहा पुरुष आहेत आणि परसात पाणी जवळपास सगळीकडे बायकाच घालतात. उद्यापासून घरोघर जाते.

रानवेल – १९ मार्च

चुलीजवळची ताई, लिहीत राहा.

टिकाव – २० मार्च

आमच्याकडे जोडी पद्धत आहे, ती सांगतो. शेजारच्या दोन घरांची जोडी. एक घर लग्नाला गेलं की दुसऱ्याकडे किल्ली आणि पाण्याची जबाबदारी. सार्वजनिक झाडांसाठी मात्र घर मोजत नाही, माणूस मोजतो. वहीत माणसाचं नाव लिहायचं, आणि पहिलं पान पुरुषांचंच भरायचं असं ठरवलं. सायकलच्या कॅरिअरला दोन वीस लिटरचे कॅन बांधून सकाळी साडेपाचला जातो. नऊच्या आत परत.

काळीमाती – २० मार्च

हे पटलं. साडेपाचची वेळ असन तर मी पण 'चालू ठेवा'च्या बाजूने.

अंगणवेल – २२ मार्च

माकडांचं काय करता? आमच्याकडे गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूने टोळीच येते, मडक्यावरची पणती उचलून पाणी पिते अन् पणती छपरावर ठेवते.

माठवाली – २२ मार्च

अंगणवेल, पणतीऐवजी जड दगड ठेवा. अन् बाजूला एक उघडं टोपलं पाण्याचं भरून ठेवा. तहान त्यांनाही लागतेच ना बाप्पा.

परसदार – ७ एप्रिल

कळवायचं राहून गेलं होतं. पंधरा दिवसांत एकोणतीस घरी जाऊन आले. चोवीस घरी उत्तर जवळपास एकच मिळालं: झाड जगवायची इच्छा आहे, पण पाणी वाहायची ताकद उरत नाही. दोघींनी तर सांगितलं की दुसऱ्या रविवारची फेरी दुपारी चारला असते आणि तेव्हा घरी चहा-पाण्याचा धबडगा त्यांच्याच माथी येतो. पाच वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

सभेत ठरलं ते असं. मंडळ चालू राहील. उन्हाळ्यात फेरी सकाळी सहाला, चहा ज्याचा त्याने घरून पिऊन यायचा. प्रदर्शन होईल, पण मंडप नाही, शाळेच्या व्हरांड्यात. वाचलेल्या पैशातून पंचवीस मडकी, एक हातगाडी आणि सहा कॅन. वहीत पहिली वीस नावं पुरुषांची. सरपंचांनी स्वतः दुसरं नाव लिहिलं.

बहार – ७ एप्रिल

अभिनंदन. हातगाडी मला आधी सुचायला पाहिजे होती.

चुलीजवळची – ८ एप्रिल

वाचलं. डोळ्यांत पाणी आलं.

परसदार – ३० मे

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे, आज सहावा दिवस. काल दुपारी अंगणातल्या नळाची तोटी हाताला चटका देत होती. शाळेत मुलांनी फेब्रुवारीतच पुन्हा लावलेल्या बावीस रोपांपैकी एकोणीस हिरवी आहेत. दोन जाम गेले, एक लिंबू बकरीने खाल्लं. त्या मुलीचा गोडलिंब तिच्या टोंगळ्याएवढा झाला आहे, पाटी या वेळी पत्र्याची केली आणि खिळ्याने नाव ठोकून कोरलं. ती सुट्टीत मामाकडे कामठीला गेली आहे, तिथून आईच्या फोनवर रोज विचारते.

माठवाली ताई, एक अडचण आहे. पंचवीसपैकी तीन मडक्यांतलं पाणी चार दिवसांत बोटभरही कमी झालं नाही. झाडं मात्र सुकत आहेत. काय चुकलं?

माठवाली – ३० मे

माती हाताने उकरून पाहा. ओली असली तर मडकं बरोबर आहे, झाडाला दुसरा काही त्रास आहे. कोरडी असली तर दोनच कारणं. एक तर माती मडक्यापासून सुटली आहे, मग वाळू-शेणखत पाणी घालून पुन्हा ठासून भरा. नाहीतर बोअरच्या जड पाण्याने छिद्रं बुजली आहेत, आतून पांढरा थर दिसेल. बाहेर काढा, नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून घासा, एक दिवस उन्हात वाळवा, मग पुरा. पुरण्याआधी पाण्याने भरून अंगणात ठेवा. तासाभरात बाहेरचं अंग ओलं झालं पाहिजे.

परसदार – ३१ मे

दोन सुटलेली निघाली, एकात पांढरा थर होता. ते घासून ओसरीवर भरून ठेवलं आहे. सहा वाजता ठेवलं, आता सव्वासहा झाले, बुडाकडे ओल यायला लागली आहे.